हवा टीव्हीकडे जाते

नंदू,

मी कोपऱ्यावरच्या शैलाताईंकडे चालले आहे. विरजणाचं पातेलं बरोबर नेते आहे, फ्रिजमध्ये शोधू नकोस.

जमिनीतून गरम हवा येते त्या हीटिंगच्या तोंडावर काल तू जे नवीन झाकण बसवलंस, ते दिसायला छान आहे. रेखाच्या पडद्यांना मॅच होतं. पण जुनी लोखंडी जाळी सपाट होती. तिच्यावर रात्री पातेलं ठेवलं की सकाळी दही कसं घट्ट लागलेलं असायचं. तुझं झाकण मधेच फुगलेलं आहे, त्याच्यावरून पातेलं घसरतं. कार्पेटवर डाग दिसेल तो दुधाचा आहे. मी पुसलेला नाही.

शिवाय हवा आता वर येतच नाही, आडवी टीव्हीकडे जाते. टीव्हीला थंडी वाजत नाही, नंदू. रोज सकाळी त्या जाळीवर उभी राहून मी स्तोत्र म्हणायचे. इंग्लंडच्या या थंडगार कॉव्हेंट्रीत माझे पाय तेवढेच काय ते गरम व्हायचे.

रेखाला बोलू नकोस, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे. एवढा इंजिनिअर झालास, एका शब्दाने विचारायचंस तरी. शैलाताईंच्या मुलाला घरातलं काही बदलायला वेळच नसतो. गुणी मुलगा आहे.

डब्यात पोळी-भाजी आहे. दही नाही.

जुनी जाळी परत बसवलीस की फोन कर, मी येते. ती कचऱ्याच्या बिनमध्ये शोधू नकोस. मी कालच काढून घासली आणि देवघरात ठेवली आहे, बाळकृष्णाच्या मागे. हात धुऊन घे.

आई