जरमीनाचं मधलं नाव

वडगाव, बेळगाव

प्रिय आक्का,

फोनवर सांगण्यासारखं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. पण तुझ्या फोनजवळ कायम दाजी, नाहीतर सासूबाई. म्हणून लिहायला बसले. वाचून झालं की फाडून टाक. आप्पांचे दोन माग चालू आहेत, गुडघा कुरकुरतो, बाकी बरं आहे.

आपल्या माडीवर तीन वर्षं भाड्यानं राहिलेली अफगाण पोरगी, जरमीना, तुला आठवत असेलच. तुझ्या थोरल्याच्या बारशाला पाळण्याची दोरी सोडत नव्हती ती. डिग्री घेऊन गावी गेली आणि तिकडं पोरींना कॉलेजंच बंद झाली. आता बाप तिचं लग्न तिच्याच चुलतभावाशी लावायला निघालाय, त्यांच्यात चालतं तसं. तरी बापाकडून तिनं एक कबूल करून घेतलंय. परदेशातल्या एका विद्यापीठानं तिच्यासारख्या मुलींसाठी शिष्यवृत्ती ठेवलीय. त्या शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंत लग्नाची तारीख काढायची नाही.

तिकडं नेट धड नाही, मेसेज तेवढे जातात, म्हणून अर्ज मी भरला. उद्यमबागेत कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर कामगारांचे फॉर्मच भरते, तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाले, दे इकडं. पासपोर्टवर तिचं नाव नुसतं जरमीना. ना बापाचं, ना आडनाव. मला ते बोडकं वाटलं गं. आपल्यात बापाचं नाव मधे घातल्याशिवाय पोरीचं नाव पुरं होतं का? मधे बाप, शेवटी आजोबा, असं छान भरगच्च नाव लिहिलं आणि तिला न विचारता पाठवून दिलं.

आठ दिवसांपूर्वी माझ्या मेलवर उत्तर आलं. नाव पासपोर्टशी जुळत नाही, मुदत संपली आहे, अर्ज बाद. तिचे मार्क, तिनं जीव ओतून लिहिलेला निबंध, कुणी वाचलासुद्धा नाही. चूक माझी आहे म्हणून पाच मेल केले, अगदी हातापाया पडले. दर वेळी तेच छापील उत्तर. फोन लावला तर मशीन बोलतं.

ती रोज विचारते, रक्षा, काही आलं का? मी लिहिते, अजून न्हाई. आधी भ्याले म्हणून लिहिलं, हे खरं. पण आता वाटतं, मी न्हाई म्हणतेय तोवरच तिचं लग्न थांबलंय. आणि कळलं तर निदान दुसरीकडं अर्ज तरी करील, असंही वाटतं. तिचे दिवस मी राखतेय की खातेय, काही समजेना झालंय. लई लाज वाटते.

तुलाच विचारते, कारण हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. बारावीनंतर तू कॉलेजच्या यादीची वाट बघत होतीस, नवी बॅगसुद्धा आणली होतीस. तुला पाठवायचं नाही, निपाणीला द्यायचं, हे आप्पांनी एप्रिलातच ठरवलं होतं. आईला ठाऊक होतं. मलाही. जूनपर्यंत तू मला सांगायचीस, कुठली बस धरणार, कुठं उतरणार, आणि मी व्हय व्हय म्हणायची. ते दोन महिने तुला मिळाले ते बरं झालं, की मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. असेल ते लिही. तू सांगशील तेच मी जरमीनाला कळवणार आहे.

तुझीच,
रक्षा