जीपचं मूळ इंजिन

मंगळवार, नांदूरघाट

अजून अंगाचा तिळपापड होतोय. सासऱ्यांच्या जुन्या जीपचं इंजिन यांनी दुष्काळात विहिरीवर बसवलं, त्यावरच मोसंबी तगलीय. हे गुरं घेऊन छावणीवर गेलेत हे बघूनच आज दीर मिस्त्री घेऊन आले.

"वहिनी, जीपला शौकीन गिऱ्हाईक हाय. मूळ इंजिन असलं तरच लई किंमत देतो."

"आन् बागेला पाणी?"

"वाळली तर वाळली."

वाळली तर वाळली? जीभ कशी रेटली?

मी तडक इंजिन चालू केलं आणि तिथंच उभी राहिले. चालत्या इंजिनाला मिस्त्री हात लावेना. दिवस मावळल्यावर दोघं शिव्या देत गेले.

पाणी झाडांकडं वळवायला मात्र कोणी नव्हतं. सगळी विहीर वाटेवर वाहून गेली. बाग कोरडीच.