पाहिजे एक बोळकं

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (खरं तर हा नमस्कार मी हॉस्टेलच्या खाटेवर, पाठीला उशी लावून, मांडीवर मेणाचा जबडा ठेवून करते आहे, पण तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा तो वाकलेलाच असेल असं धरून चाल.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना डाव्या गुडघ्यातून कटकट आवाज यायचा, तो थांबला का? मी इकडे ठीक आहे. वजन दोन किलोंनी उतरलं आहे, हे आईला सांगू नकोस. दर रविवारी फोन करणारी पोरगी एकदम कागदावर कशी आली असं तुला वाटेल. त्याचं कारण असं, की तुझा फोन वहिनी स्पीकरवर लावते आणि मी 'हॅलो' म्हटलं की पलीकडून चार-पाच जण 'हां, बोल' म्हणतात. हा मजकूर चार-पाच जणांपुढे मांडण्यासारखा नाही. शिवाय मला कुणी मध्येच तोडायला नको आहे.

तर शेवटच्या वर्षाची परीक्षा सोळा दिवसांवर आली आहे. बाकी सगळं पार पडलं. दाढा भरल्या, मुळं साफ केली, एका पैलवानाचा दात काढला (त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की नंतर मलाच बर्फ लावावा लागला). राहिली ती कवळीची परीक्षा. तिची गंमत अशी, की पेशंट आपला आपण शोधून न्यायचा आणि त्याच्या तोंडात दात म्हणून औषधालासुद्धा नको. एखादाही असला तरी तो पेशंट चालत नाही. पेशंट नाही तर परीक्षा नाही आणि परीक्षा नाही तर सहा महिने घरी. घरी काय आहे ते तुला ठाऊकच आहे. आमच्या कुळात पदवीचं तोंड पाहणारी मी पहिली, म्हणून तुझ्या भावाने, म्हणजे बाबांनी, आपल्या सुतारकामाच्या दुकानात माझ्या नावाची पाटी आत्ताच कोरून ठेवली आहे. 'डॉक्टर' या शब्दाला तर तीनदा पॉलिश झालं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाटी उचलून दाखवतात आणि मग तो येणारा-जाणारा आपला मुरगळलेला पाय मला फोटो काढून पाठवतो.

त्यामुळे गेले तीन महिने मी बोळकी शोधत हिंडते आहे. माणसाचं तोंड मिटलेलं असताना आत काय आहे ते कळत नाही, ही या धंद्यातली मोठी अडचण. बसच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकांवर, सकाळी बागेत, जिथे म्हातारी माणसं दिसतील तिथे मी जाऊन उभी राहते आणि त्यांना हसवायचा प्रयत्न करते. माझे विनोद तुला माहीत आहेत. बागेतल्या एका आजोबांनी चौथ्या विनोदानंतर रखवालदाराला बोलावलं. 'ही मुलगी रोज येते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते,' अशी तक्रार. (त्यांना बत्तीसच्या बत्तीस दात निघाले. ते रखवालदारावर ओरडत होते तेव्हा मला नीट मोजता आले.) माझ्या खोलीतली मैत्रीण, जिला आम्ही 'कापूस' म्हणतो कारण रक्त दिसलं की आधी तिलाच कापूस हुंगवावा लागतो, ती मात्र निवांत आहे. तिला घरचेच आजोबा आहेत, तेही साफ बोळके. तिने त्यांना इतकं जपलं आहे की वर्गातली दुसरी कुणी पाया पडायला गेली तरी ही मध्ये आडवी येते. मागच्या वर्षी कुणीतरी कुणाची तरी आजी वडा-लाडू काही न खिलवता, नुसत्या गोड बोलण्यावर पळवली होती म्हणे.

आणि अशात मला शिंपीआजोबा सापडले. ॲप्रनच्या बाह्या कमी करायला जिन्याखालच्या त्यांच्या दुकानात गेले, तर टेप गळ्यात टाकून ते म्हणाले, 'डॉक्टरीण बाई, बाह्या कमी करू की हात लांब करून देऊ?' आणि स्वतःच्याच विनोदावर तोंड उघडून हसले. आत्या, काय ते तोंड. वर गुलाबी, खाली गुलाबी, मध्ये नुसता अंधार. मी तिथल्या तिथे त्यांना कवळीचं वचन दिलं, विभागात जाऊन वहीत नाव नोंदवलं आणि सगळ्यांना बिस्किटं वाटली. तपासायचं तेवढं राहिलं. दोन दिवसांनी खुर्चीत बसवून आरसा आत घातला तर वरच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, गालाआड एक सुळा. एकटा, पिवळा, पण खुंटीसारखा घट्ट.

कापूस म्हणाली, 'उपट आणि मोकळी हो. एका दाताचं काय लोणचं घालायचंय त्याला?' शिंपीआजोबाही तयार. म्हणाले, 'काढ पोरी, तुझी परीक्षा महत्त्वाची.' मी त्यांची सही घेतली, सुई टोचली, पक्कड हातात घेतली. तेव्हा ते सहज म्हणाले, 'आता धागा कशाने तोडायचा ते बघावं लागेल.' म्हणजे हा गृहस्थ चाळीस वर्षं धागा त्या सुळ्याला अडकवून झटक्याने तोडतो. मी म्हटलं, कात्री आहे की. ते म्हणाले, 'कात्री शोधायला चष्मा लागतो, चष्मा शोधायला बायको लागते आणि बायको दुपारी झोपते.'

मी पक्कड ट्रेमध्ये परत ठेवली. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली होती, की पेशंटचं हित आधी. बाकीच्या मुली तेव्हा फोटो काढत होत्या, मी मात्र शब्दन् शब्द मनापासून म्हटला होता. धडधाकट दात माझ्या गुणांसाठी काढायचा, तर पुढे दवाखाना उघडून मी कोणत्या तोंडाने लोकांना दात सांभाळायला सांगणार? मी त्यांना सुळ्यापुरती खिडकी ठेवून वरची कवळी करून दिली, खालची अख्खी करून दिली. तीन आठवडे त्यात गेले. विभागाच्या मुख्य बाईंनी ती उजेडात धरून उलटीपालटी करून पाहिली. म्हणाल्या, 'सुरेख काम आहे.' मग वही उघडून माझ्या नावासमोरची केस खोडली, कारण खिडकीवाली कवळी 'संपूर्ण' या रकान्यात बसत नाही. शिंपीआजोबा आता दोन्ही बाजूंनी हसतात आणि मधल्या मध्ये धागाही तोडतात. ॲप्रनच्या बाह्या मात्र त्यांनी जरा जास्तच कमी केल्या आहेत.

असं सगळं आहे. पण मला पश्चात्ताप नाही हो. झालं तर झालं, सहा महिने घरी बसेन, बाबांना पॉलिश करू लागेन. तू माझी काळजी करू नकोस, गुडघ्यांना तेल लावत जा, वहिनीला आणि मुलांना माझी आठवण सांग. थोरांना नमस्कार, धाकट्यांना दिवसातून दोनदा दात घासायला सांगणे.

तुझी भाची

ता. क. आत्या, तुझ्या तोंडात एकही दात नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण त्याचं मोल आत्ता कळलं. तू हिरड्यांनी बदाम फोडतेस हे सगळ्यांना सांगतेस, मात्र 'कवळी' म्हटलं की तुझ्या फोनला आवाज येईनासा होतो, म्हणून हे कागदावर. तू आठ दिवसांसाठी ये. सुई नाही, पक्कड नाही, रक्त नाही. नुसतं तोंड उघडून बसायचं आणि बोलायचं नाही. (हे दुसरं तुला जड जाईल, मी मध्ये मध्ये सुट्टी देईन.) जिना नाही, लिफ्ट आहे.

ता. क. दुसरा. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. वर लिहिलं आहे की पक्कड हातात घेतली आणि परत ठेवली. मध्ये दहा मिनिटं गेली, ती लिहायची राहिली. 'चष्मा शोधायला बायको' ऐकूनसुद्धा मी तो सुळा धरला होता. उजवीकडे वाकवला, डावीकडे वाकवला, खुर्चीला पाय लावून ओढला. तो तसूभर हलला नाही. शिंपीआजोबा माझी पाठ थोपटत होते. तेवढ्यात बाई आल्या आणि म्हणाल्या, 'हा चांगला दात का ओढते आहेस?' मी म्हटलं, 'किती घट्ट आहे ते बघते आहे.' शपथ आठवली ती त्यानंतर. उशिरा आठवली, पण खरी आठवली, आणि दुसऱ्या दिवशी मी आजोबांची माफी मागितली.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा. हे बाबांना कळता कामा नये. मला पेशंट मिळत नाही हे आईने त्यांना सांगितलं. आज सकाळी त्यांचा फोन आला. करवतीचा आवाज थांबवून मला विचारलं, 'माझे सगळे काढलेस तर हिरड्या भरायला किती दिवस लागतील? सोळात बसेल का?' मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, 'माझे सव्वीस आहेत, मी मोजलेत.' मी नाही म्हटलं, म्हणून आता शुक्रवारी ते दुसऱ्या कुणा दातवाल्याकडे जायला निघाले आहेत. तू गुरुवारच्या आत ये.