राखुंडीचा डबा आणि अर्धा तास

अहो अमोलचे पप्पा,

अर्धा तास काढायचाय, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. अमोल समोर बसलाय, तोंड मिटून. त्याला आत्ताच औषधाची चूळ भरायला लावली. डॉक्टरांनी बजावलंय, चूळ थुंकल्यावर अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझं कशातच चित्त लागत नाही. दोनदा उठून घड्याळ बघून आले. चारच मिनिटं झालीत.

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. सकाळी माठातलं पाणी प्यायला आणि डोळे गच्च मिटून पेला खाली ठेवला, गालावर हात. अगदी तुमच्यासारखा. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांत मी पुष्कळ गोष्टींची सवय करून घेतली, पण तो हात पुन्हा बघायची तयारी नव्हती. तुमच्यासारखाच तोही अ‍ॅसिडच्या टाकीवर उभा राहतो, लोखंडाचा गंज काढत. मास्क गळ्यात. का, तर गुदमरतं. तुम्हीही हेच सांगायचात ना?

तसंच ओढत त्याला चाकणच्या त्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. हो, तुमच्याच. आडनाव ऐकल्यावर डॉक्टर बाईंनी वर बघितलं. अमोलच्या पुढच्या दातांच्या कडा झिजून पातळ झाल्यात, अ‍ॅसिडच्या वाफेनं. वाफ दाताचा वरचा थर मऊ करते म्हणे. गेलेला दात परत येत नाही, पण फ्लोराइडच्या चुळीनं उरलेला घट्ट राहतो. मग त्यांनी विचारलं, "शिफ्टवरून आल्यावर दात कशानं घासतोस?"

अमोल माझ्याकडे बघायला लागला.

मीच सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. राखुंडीनं. घरची, स्वतः केलेली. गोवरी जाळायची, लवंग, मीठ, तुरटी घालायची, फडक्यातून गाळून घ्यायची. गाव सोडून इथे कुरुळीत आलो तरी मी विकतची पावडर घरात आणली नाही. तुम्ही शिफ्टवरून यायचात, म्हणायचात, "सुनंदा, दात आंबलेत." की मी डबा पुढे करायचे. "खसाखसा घासा, आंबटपणा जाईल." किती वर्षं हो? मला वाटायचं, नवऱ्याची काळजी घेतेय.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मऊ पडलेल्या दातावर राख घासली की तो थर खरवडून निघतो. आल्यावर नुसत्या पाण्यानं चूळ भरायची, तासभर ब्रशही लावायचा नाही. मी हे तुमच्या मिस्टरांनाही सांगितलं होतं."

सांगितलं होतं? तुम्हाला?

"ते हसले. म्हणाले, बायको हातानं करते, तिला कसं सांगू?"

घरी आल्यावर दारात चप्पल काढता काढता अमोलला विचारलं, "तुला माहीत होतं?" तर मान खाली घालून म्हणाला, "पप्पा बोलले होते. आईला सांगू नको, तिला लागेल, म्हणाले." म्हणजे तोही गप्प बसून घासतच होता!

काय म्हणू तुम्हाला? राग येतोय. मला लागलं असतं, तासभर रुसले असते, भांडी आपटली असती. पण तुम्हाला भाकरीचा पापुद्रा चहात बुडवून खावा लागला नसता. भिंतीवर लावायला हसरा फोटो शोधत होते, एकही मिळाला नाही. सगळ्यात ओठ मिटलेले, नाहीतर हात तोंडावर. मला वाटायचं, लाजताय. माझ्यावर एवढी माया केलीत, आणि मलाच तुमची वैरीण करून ठेवलंत. आणि मी तरी कधी विचारलं, का हो हसत नाही?

मघाशी राखुंडीचा डबा अंगणात उपडा केला. अमोल बघत होता. म्हणाला, "आई, राहू दे ना थोडी." मी म्हटलं, "माझी मर्जी राखायला?" मग चूळ भरली त्यानं. थुंकला, आणि सवयीनं पाण्याचा तांब्या उचलला. मी मनगट धरलं. अजून त्याच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ आहेत.

आता दहा मिनिटं राहिली. तो विचारतोय, "कुणाला लिहितेस?" सांगितलं.

ऐका. उद्यापासून मास्क तोंडावर राहील, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. टाकीवरून दुसऱ्या कामाला बदली मागायला सुपरवायझरकडे तो गेला नाही, तर मी गेटवर जाऊन उभी राहीन. आणि माझा शब्द घ्या, मला वाईट वाटेल म्हणून या घरात आता कुणी काही गिळून बसणार नाही. त्याच्या लग्नात फोटोवाला हसा म्हणेल, तेव्हा त्याचा हात तोंडाकडे जाणार नाही. ते माझ्याकडे लागलं.

अर्धा तास झाला. अमोल म्हणतोय, "आई, खरं सांगू? तुझी राखुंडी फार खारट असायची."

तुम्हालाही लागायची का हो?

तुमची,
सुनंदा