खिशातला फ्यूज

उस्ताद, तुमच्या पश्चात चाचींना मी फोन घेऊन दिला तो आठ हजारांना. हे झालं बिलावरचं. खरी किंमत काढायची तर वरची काच, कव्हर आणि तो शिकवायला केलेल्या बारामती ते इंदापूर अशा अकरा शुक्रवारच्या फेऱ्यांचं पेट्रोल धरावं लागेल. प्रत्येक फेरीला चाचींनी पुढ्यात ठेवलेलं बिर्याणीचं ताट धरावं लागेल, आणि त्या ताटांपायी डॉक्टरांनी सुरू केलेली साखरेची गोळी तर आता जन्माची सोबतीण आहे. एवढ्यात दोन फोन आले असते. पण चाची आता शेवयांच्या ऑर्डरी फोनवर घेतात, पैसे आले की चष्मा कपाळावर सारून आकडा गल्लीला ऐकू जाईल असा वाचतात, आणि तो आवाज ऐकला की मला सगळं स्वस्तात पडलं असं वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हा हे फोन नव्हते, म्हणून जरा समजावून सांगतो. आता पैसे खिशातून बाहेर येतच नाहीत. दुकानदार एक चौकोनी नक्षी दाखवतो, तिला कोड म्हणतात. देणारा तो कोड आपल्या फोनमध्ये उघडतो, आपला गुप्त पिन टाकतो, की त्याच्या खात्यातले पैसे समोरच्याच्या खात्यात. पैसा जिकडं गेला तिकडं चोरही गेले. माझं मोटार-पंपाचं दुकान आता चार गाळ्यांचं आहे, आणि येणारा शेतकरी नादुरुस्त मोटारीआधी फोनच पुढं करतो, "राव, ह्यो मेसेज खरा हाय का बघा." कुणाचं खातं आज बंद पडणार असतं, कुणाचं ऊसबिल कुठंतरी अडकलेलं असतं. मी बघून सांगतो. बेअरिंग गेलंय की बुश, हे दारात उभं राहून ऐकायला तुम्ही शिकवलंत. त्याच कानांनी मी आता माणसं ऐकतो. मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी बाजारात छातीवर हात ठेवून सांगतो, आणि लोक माना डोलावतात.

आता त्या शुक्रवारचं. सकाळी पोचलो तेव्हा चाची अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होत्या. तुमच्या नातीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय आणि सोमवारी साठ हजार फी भरायची होती. चाचींच्या खात्यात बासष्ट होते, सगळे शेवयांचे, आणि तेच खातं फोनला जोडलेलं होतं. जोडून मीच दिलेलं. एवढ्यात फोन वाजतो. चाचींचे हात पिठाचे, म्हणून त्या कोपरानं मला खूण करतात आणि मी आवाज मोठा करून फोन बाजेवर ठेवतो.

"मावशी, निरवांगीवरनं बोलतोय. एका मांडवात दोन लग्नं हायती. शंभर किलो शेवया पायजेत."

दिवसातलं पहिलं गिऱ्हाईक, भवानीचं. त्याला रिकाम्या हातानं परत लावायचं नाही, हा तुमचा नियम चाची अजून पाळतात. भाव ठरला. तो म्हणाला, "भवानीचा एक रुपया टाकतो. आला का बघा." टिंग झालं. चाचींनी हात पुसून फोन कपाळाला लावला. "आता आगाऊ वीस हजार टाकतो. तुमाला कोड पाठवलाय, त्यो उघडा आन पिन टाका, की जमा झालं समजा."

उस्ताद, इथं मी काय ऐकत होतो, विचारा. त्याच्या मागं मोटार चालली होती. पाच हॉर्सपॉवरची, बेअरिंग नवं, आवाजात कुठं खडा नाही. मी तिच्यातच रमलो. जो माणूस मोटार इतकी निगुतीनं ठेवतो तो चोर कसा असेल? मी चाचींना म्हणालो, "माणूस खरा हाय. टाका पिन."

चाचींनी बोट उचललं आणि तसंच धरलं. "पैसं त्यो देणार न्हवं?"

"व्हय."

"मग पिन म्या का टाकू?"

फोनमधला घाईनं म्हणाला, "मावशी, सिस्टीमच तशी हाय."

"आसंल बाबा. आमच्या घरात फ्यूज खिशातनं काढत न्हाईत."

त्याला काही कळलं नाही. माझ्या मात्र डोळ्यांपुढं कळस गावातली ती विहीर उभी राहिली. मी तुमच्याकडं नवा, वीस वर्षांचा. मोटार उघडण्याआधी मी बोर्डाचा फ्यूज काढतो आणि बोर्डावरच ठेवतो. तुम्ही आत हात घालणार, तेवढ्यात मालक येऊन तो फ्यूज भलाईनं परत लावायला बघतो. तुम्ही त्याचं मनगट धरता आणि ओरडता माझ्यावर. "काढलास, पण ठिवलास कुठं? आपला जीव आपल्या खिशात ठिवायचा." तेव्हापासून फ्यूज तुमच्याच खिशात असायचे, आणि निम्मे वेळा तुम्ही ते परत द्यायला विसरायचात. धुण्यात ते चिनीमातीचे तुकडे चाचींच्या हाताला लागायचे. संध्याकाळी कुणीतरी सायकल मारत यायचा, "उस्ताद, आमचा फ्यूज आलाय का हितं?" चाचींनी त्या फ्यूजांसाठी दाराशी एक डबाच ठेवला होता.

मी पुन्हा कान दिला. मोटार तशीच गोड चाललेली. मागं कोंबडा आरवला. थोड्या वेळानं तोच कोंबडा, शेवटी तसाच घसा बसलेला. मग तिसऱ्यांदा. मोटार, विहीर, कोंबडा, सगळं भरून ठेवलेलं होतं, आणि चोर कुठल्यातरी खोलीत बसून ते लावत होता.

तो वैतागला. "मावशी, ऑर्डर दुसरीकडं देऊ का?"

"दे की," चाची म्हणाल्या. "माझी भवानी झाली."

मला राहवलं नाही. मी वाकून म्हणालो, "दादा, मोटार झकास हाय. कोंबडा तेवढा बदला." फोन कट झाला. आम्ही दोघं इतके हसलो की बाजेवरच्या शेवया मोडल्या आणि शेजारीण झाडू हातात घेऊनच बघायला आली.

मग बसून नंबर बंद केला, तक्रार नोंदवली, आणि फीचे पैसे फोनला न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात हलवले. शेवयांच्या खात्यात आता दोन हजारांवर काही राहत नाही. सोमवारी फी भरली. नात पांढरा कोट घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हा चाचींनी मला फोन करून तेही गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

बाजारात मी ही गोष्ट सांगतो तेव्हा कोंबडा मी पहिल्याच आरवण्याला ओळखतो. तुमच्यापुढं तसं सांगता येत नाही. हे पत्र पुढच्या शुक्रवारी चाचींना वाचून दाखवावं असं मनात होतं, पण वाचलं तर त्या मला खाली एक ओळ वाढवायला लावतील, म्हणून ते दुकानाच्या खणातच राहील. तुमच्यापुरती मात्र ती ओळ लिहून टाकतो. त्या दिवशी हसणं थांबल्यावर चाचींनी माझ्या पिनचे चार आकडे एका दमात बरोबर सांगितले. ते माझ्या पिकअपच्या नंबराचे आहेत, आणि पिकअपवर ते पुढं, मागं आणि दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगात रंगवलेले आहेत.