किनारीतला लाल धागा

सोमवार, १२ जानेवारी २०२६

आज तिसरा दिवस. मुलगा हरेश ड्युटीवर गेला की सून रूपा दाराला आतून कुलूप लावते. किल्ली कमरेला. मागितली तर म्हणते, "बाबा, चहा टाकू का?"

शुक्रवारी हरेश डबा विसरला म्हणून मी वडप्याला त्याच्या गोडाऊनवर गेलो. आत शिरलो आणि चुकलो. चार तास फिरलो. शेवटी वॉचमनने हात धरला — "चाचा, किधर जाना है?" मुलाचं नाव सांगितलं. बरोबर सांगितलं! तरी घरात ठरलं — बाबांचं डोकं चालत नाही.

मंगळवार, १३

दिवसभर गॅलरी. ग्रिलमधून धामणकर नाक्याच्या रिक्षा मोजल्या. जेवण गेलं नाही.

बुधवार, १४

संक्रांत. रूपाने तीळगूळ दिला. किल्ली नाही.

गुरुवार, १५

नात भावना कॉलेजात फिजिक्स शिकते. तिला कागदावर गोडाऊन काढून दाखवलं. मधे रस्ता, दोन्ही बाजूंना बारा-बारा शेड, दोन्ही टोकांना एकसारखं निळं गेट. रंगकामासाठी नंबरच्या पाट्या उतरवलेल्या.

तिने कागद अर्धा फिरवला. "बघा आजोबा, चित्र तेच राहिलं. ही सममिती. आतल्या माणसाला आपण फिरलो की नाही, कळायला जागाच नाही."

"मग चूक कोणाची?"

"गोडाऊनची," म्हणाली आणि हसली.

मी सातवी नापास, पण हे मला माहीत होतं. पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा, होतो. दोन्हीकडून सारखं दिसणारं कापड असलं की किनारीत एक लाल धागा घालायचो. त्यावरून सुलट बाजू कळायची. भावना म्हणाली, शास्त्रज्ञही हेच शोधतात — सारखेपणा कुठे मोडतो ते. आणि आजचा प्रयोग उद्या केला तरी निकाल तोच येतो, त्या सारखेपणामुळेच जगातली ऊर्जा टिकून राहते म्हणे.

माझे दिवसही सारखेच आहेत. माझं काय टिकतं?

रविवार, १८

भावनाने बापाला पटवलं. तिघं वडप्याला गेलो. सुट्टी, चिटपाखरू नाही. तिने हरेशच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, मधोमध नेऊन गरागरा फिरवला, रुमाल सोडला. "पप्पा, आपण कुठल्या गेटने आलो?"

हरेशने बोट दाखवलं. चुकीचं! सहा वर्षं तिथे नोकरी करतोय!

"चला साहेब, तुम्हालाही कुलूप लावू," ती म्हणाली.

घरी येऊन त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. "बाबा, तुमचंच खरं." माझी भूक परत आली.

सोमवार, १९

एकटा नाक्यावर गेलो. कटिंग प्यालो. सरळ घरी आलो.

मंगळवार, २०

आमच्या घरातल्या पॅसेजमध्ये दोन खोल्यांची दारं समोरासमोर आहेत, अगदी सारखी. एक माझं, एक हरेशचं. आज सकाळी माझ्या दाराच्या कडीला लाल धागा दिसला. चष्मा लावून गाठ पाहिली. लूमवर तुटलेला धागा सांधायची गाठ. घरात ती फक्त मला येते.

कधी बांधला, आठवत नाही. धाग्यावर धूळ साचली आहे, महिनाभराची तरी, म्हणजे गोडाऊनच्याही आधीची.

रूपाला हाक मारली. किल्ली तिच्या हातात दिली.