फूटपट्टीत मावलेली पिल्लं

३ नोव्हेंबर
य मा ता रा ज भा न स ल गा — सगळा वर्ग एका दमात! भोकरच्या शाळेचे पत्रे थरथरायचे. तो आवाज आज पहाटे सूनबाईच्या, शिवांगीच्या डुकरांच्या शेडमध्ये ऐकू आला. कारण तिथं दुसरा आवाजच नव्हता. मालिनी डुकरीण व्याली, आणि शेड गप्प.

सहा पिल्लं. पाच मेलेली — मेलेली तरी कसं म्हणू? तपकिरी, खारकेसारखी वाळलेली. एक बोटभर, एक वीतभर. शिवांगीनं पोत्यावर मांडली ती नेमकी उंचीप्रमाणे. प्रार्थनेची रांग! मी बाहेर निघून आलो.

सहावं जिवंत. मुठीएवढं.

जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. साहेब कॅम्पला गेलेत म्हणे, मेलेली पिल्लं बर्फात ठेवा.

४ नोव्हेंबर
माद्यांना वृत्तांची नावं मीच दिली. शिखरिणी, पृथ्वी या जुन्या. मालिनी पहिलटकरीण. शिवांगी हसायची — "मामा, तुमची ही नावं घेऊस्तोवर बादली सांडती!" आज हसली नाही. "रोग हाय तिच्यात. बाकीच्या दोन पहिलटकरणी गाभण हायत, त्यांचं काय?"

नायगावचा डुकरांचा व्यापारी बालाजी टेंपो घेऊन आला. मालिनीच्या पाठीवर निळ्या रंगानं फुली मारली. "मास्तर, हिची कविता संपली बघा."

टेंपो वळला तरी ती ओरडत होती. पिल्लू आतून उत्तर देत होतं.

५ नोव्हेंबर
पिल्लू बाटली ओढत नाही. चमच्यानं बकरीचं दूध. ओघळतं.

६ नोव्हेंबर
डॉक्टर मोहसीन आले. "सर, पट्टी आहे का?" माझी जुनी लाकडी फूटपट्टी दिली. त्यांनी एकेक पिल्लू तिच्यावर आडवं ठेवलं. पाचही मावली.

"पार्वो वाटतोय. तपासणीला पाठवतो. मादीला काही होत नाही हो, खाते-पिते. विषाणू आतल्या आत एका पिल्लाकडून दुसऱ्याकडं सरकतो."

बाकावरून चिठ्ठी सरकावी तसा! ज्याच्या हाती जेव्हा पडली, तिथं त्याची वाढ थांबली.

"हिला जुन्या माद्यांपासून लांब ठेवलं होतं का?"

मीच ठेवलं होतं. मध्ये भिंत घालून घेतली. नव्या पोरींचं वसतिगृह म्हणायचो — जुन्यांची घाण नको, रोग नको! आणि जुन्यांजवळ राहिली असती, तर आधीच थोडा संसर्ग होऊन अंगात ताकद आली असती म्हणे. किंवा नर दाखवण्याआधी लस. तीही राहिली.

"असू द्या. आता तीच सगळ्यांत पक्की झाली. पुढचं वेत भरून येईल. पिल्लालाही तिचंच दूध हवं, नाहीतर अवघड आहे. कुठाय ती?"

शिवांगीनं फोन काढून बालाजीला लावला.

बालाजीचा फोन लागत नाही. उद्या बाजार.

७ नोव्हेंबर
बाजार उठला. "कापली असल एव्हाना," शिवांगी म्हणाली. ताट तसंच सारलं.

डोळे मिटले की पाचही रांगेत उभी. हजेरी घ्यायला जातो, तर नावंच नाहीत. माझ्याकडं तोंड करून उभी राहतात, डोळे मिटलेले.

पिल्लू आता ओरडत नाही. चुलीजवळच्या खोक्यात ठेवलंय, माझ्या जुन्या धोतरात.

८ नोव्हेंबर
सकाळी दाराला धक्का. वाटलं, वारा. पुन्हा धक्का. शिवांगीनं कडी काढली —

चिखलानं माखलेली. गळ्यात तुटका दोर. पाठीवर निळी फुली. आमच्याकडं बघितलंही नाही, सरळ आत, खोक्याकडं.

पिल्लू ओरडलं!